‘मागणी नाही’ म्हणण्याआधी : सार्वजनिक ग्रंथालयांच्या कार्यकारी मंडळांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, कार्यवाह, ग्रंथखरेदी समितीचे सभासद आणि ग्रंथपाल,
महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालये

स. न. वि. वि.

समलैंगिक स्त्रियांविषयी काही वाचायला आहे का, असे आपल्याकडच्या ग्रंथालयात विचारले तर बहुधा दोनपैकी एक उत्तर मिळते. ‘मागणी नाही,’ हे पहिले. ‘आहे, पण आतल्या कपाटात. नाव सांगा, काढून देतो,’ हे दुसरे. ही उत्तरे देणारी माणसे वाईट नसतात. मागणीच्या वहीत तसल्या पुस्तकाचे नाव कुणी लिहिलेले नसते, हेही खरेच. पण ज्या मुलीला ते पुस्तक हवे असते ती वहीत लिहीत नाही आणि काउंटरवर तोंडही उघडत नाही. वहीवरून मागणी मोजायला गेलात तर ती कायम शून्यच भरणार.

हा शोध माझा नाही. बार्बरा गिटिंग्ज नावाच्या एका अमेरिकन बाईंनी उभे आयुष्य याच गोष्टीमागे घालवले. त्या ग्रंथपाल नव्हत्या. कॉलेजचे पहिले वर्षही त्यांना धड पार करता आले नव्हते. तरी २००३ साली अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने त्यांना सन्माननीय सभासदत्व दिले, आणि त्या संघटनेच्या एका साहित्य पुरस्काराला आज त्यांचे नाव आहे. हे कसे घडले ते सांगायचे तर पत्र लांबणार. आपल्या सभांमध्ये इतिवृत्त वाचण्यात जातो त्याहून कमी वेळ लागेल, एवढी हमी देते.

बार्बराचा जन्म १९३२ साली व्हिएन्नात झाला; वडील अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेत होते. १९४९-५०च्या सुमारास ती शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकायला गेली. तिथे एका मैत्रिणीवरून कुजबूज सुरू झाली. लोक आपल्याबद्दल काय बोलताहेत याचा अर्थ तिला नीट लागेना, आणि विचारायला कुणी नव्हते. म्हणून तिने ग्रंथालय गाठले.

मग ती तिथेच बसू लागली. तास बुडाले, परीक्षा बुडाल्या. जे काही सापडायचे ते ‘विकृत मानसशास्त्र’, ‘लैंगिक विकृती’ अशा मथळ्यांखाली. पुस्तके डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी लिहिलेली. त्यांतली माणसे म्हणजे रोगी, नाहीतर गुन्हेगार. समलैंगिकांचा आवडता रंग हिरवा असतो, असेही एका ठिकाणी छापलेले होते. हिला निळा आवडायचा. आता आपणही हिरव्याकडे वळावे की काय, असा विचार तेव्हा मनात येऊन गेल्याचे बाई पुढे हसत सांगत. त्या वर्षी ती नापास होऊन घरी परतली. ग्रंथालयात रोज बसून एखादी मुलगी नापास होते याचा ग्रंथपालांनी थोडा तरी विचार करावा. तिला हवे ते तुमच्या कपाटात नव्हते, आणि जे होते त्याने तिचे भले झाले नाही.

घरी वडिलांना तिच्या खोलीत एक कादंबरी सापडली. दोन स्त्रियांच्या प्रेमाची, इंग्लंडमध्ये खटला भरून बंदी घातलेली. समोरासमोर बोलायचा धीर वडिलांना झाला नाही. एकाच घरात राहून त्यांनी मुलीला पत्र लिहिले: ते पुस्तक जाळून टाक. तिने ते आणखी आत लपवले आणि जाळले म्हणून सांगितले. अठराव्या वर्षी घर सोडून ती फिलाडेल्फियाला गेली, नोकरी धरली, एका गायनवृंदात गाऊ लागली आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून अशा कादंबऱ्या धुंडाळू लागली.

त्या काळच्या अमेरिकेत अशा स्वस्त कादंबऱ्या निघत होत्या, खपतही होत्या. पण शेवट वाईटच करावा लागे. १९५२ सालच्या अशा एका गाजलेल्या कादंबरीच्या लेखिकेला प्रकाशकाने तसे बजावले होते, कारण सुखान्त असला तर पोस्टखाते पुस्तक अश्लील ठरवून अडवील ही धास्ती. म्हणजे नायिकेला वेड तरी लागायचे किंवा ती पुरुषाकडे तरी वळायची, आणि गठ्ठा टपालातून सुखरूप जायचा. १९५३ साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी जो आदेश काढला त्यात ‘लैंगिक विकृती’ हे सरकारी नोकरीतून काढण्याचे कारण ठरले. समलैंगिक जमत त्या दारूच्या गुत्त्यावर धाड पडली की पकडलेल्यांची नावे पेपरात येत. माणसे गप्प का होती हे समजायला एवढे पुरे.

१९५५ साली सॅन फ्रान्सिस्कोत चार जोडप्यांनी, म्हणजे आठ बायकांनी, एक मंडळ काढले. पोलिसांच्या धाडीची भीती न बाळगता कुणाच्या तरी घरी जमावे, नाचावे, गप्पा माराव्यात, इतकाच सुरुवातीचा हेतू. नाव ठेवले ‘डॉटर्स ऑफ बिलिटिस’. बिलिटिस हे एका फ्रेंच काव्यातले पात्र. बाहेरच्याला वाटावे, काहीतरी काव्यप्रेमी महिला मंडळ असेल. त्यातल्या डेल मार्टिन आणि फिलिस लायन यांनी पुढच्या वर्षी मासिक सुरू केले, ‘द लॅडर’. टाइप करायचे, सायक्लोस्टाइलवर काढायचे, पिना मारायच्या. पहिल्या अंकाच्या १७५ प्रती निघाल्या. संपादिका म्हणून लायनबाईंनी टोपणनाव घेतले होते, ॲन फर्ग्युसन. दुसऱ्याच अंकात त्यांना वाचकांना सांगावे लागले की तुमचे नाव आमच्याकडे सुरक्षित आहे. मग स्वतःच टोपणनावामागे राहून दुसऱ्यांना घाबरू नका सांगणे बरे दिसेना, म्हणून थोड्याच महिन्यांत ॲन फर्ग्युसन वारल्याचे जाहीर करून त्या खऱ्या नावाने लिहू लागल्या. (मासिकाकडे १९५७ साली नुसत्या आद्याक्षरांनी पत्रे पाठवणाऱ्यांत नाटककार लोरेन हॅन्सबेरी होत्या.) वाचकांची भीती काही मनाची नव्हती. एफबीआयचे खबरे त्या मंडळाच्या बैठकांना बसून गेले होते, हे पुढे सरकारी कागदपत्रांतूनच बाहेर आले.

बार्बरा १९५६च्या उन्हाळ्यात पत्ता काढत काढत या बायकांपर्यंत पोचली. पहिल्याच भेटीत तिने सुनावले की तुमच्या मंडळाचे नाव लांबलचक आहे, उच्चारायला अवघड आहे आणि ती बिलिटिस तर मुळात कल्पनेतली. पाहुणीने असे बोलावे का, हा प्रश्न वेगळा. दोनच वर्षांनी त्याच बायकांनी तिला न्यूयॉर्कची शाखा काढायला सांगितली. १९५८च्या सप्टेंबरात पहिली बैठक झाली, मोजून डझनभरही बायका नव्हत्या. बार्बरा राहायची फिलाडेल्फियात आणि शाखा न्यूयॉर्कमध्ये, ये-जा करायची. वास्तुशिल्पकारांच्या एका कचेरीत ती सायक्लोस्टाइल चालवायची, तेव्हा शाखेचे वार्तापत्र कुठे निघत असेल ते आपण ओळखलेच असेल. पाकिटेही कचेरीचीच, छापलेल्या नावावर चिकटपट्टी लावलेली. एका पठ्ठ्याने खालचे नाव वाचले आणि कंपनीला कळवले, तुमच्या पाकिटांतून हे काय जाते ते बघा. वरिष्ठ बाईंनी तिला बोलावून घेतले. नोकरी जाणार असेच तिला वाटले असेल. बाई म्हणाल्या, जपून कर. चळवळींच्या इतिहासात अशा वरिष्ठांची नावे येत नाहीत, पण त्यांच्याशिवाय एकही वार्तापत्र निघालेले नसते.

१९६३ ते १९६६ ‘द लॅडर’चे संपादन गिटिंग्जबाईंकडे होते. मासिक तोवर सभासदांना साध्या बंद लखोट्यातून जायचे. मुखपृष्ठावर चित्रे असत, तीही अशी की बघणाऱ्याला काही उमगू नये. बाईंनी १९६४ साली नावाखाली ‘अ लेस्बियन रिव्ह्यू’ अशी ओळ घातली आणि अंकागणिक तिची अक्षरे मोठी करत नेली. अंक न्यूयॉर्क-फिलाडेल्फियातल्या काही पुस्तकांच्या दुकानांत ठेवला, मांडणीवर, दिसेल असा. आणि मुखपृष्ठावर खऱ्या बायकांचे फोटो आणायचे ठरवले. हे काम त्यांच्या जोडीदार के लाहुसेन यांच्याकडे. त्या छायाचित्रकार होत्या, दोघींची गाठ १९६१ साली एका सहलीत पडली होती. पण चेहरा द्यायला कोण तयार होणार? म्हणून आधी पाठमोऱ्या दोघी आल्या, समुद्राकडे पाहणाऱ्या. १९६४च्या नोव्हेंबरात चेहरा आला, आणि तो कुणा अमेरिकन बाईचा नव्हता. गेर व्हान ब्राम नावाची, इंडोनेशियात राहणारी तरुणी. इंडोनेशियातली एक मुलगी न्यूयॉर्कच्या दुकानातून लोकांकडे सरळ बघत होती, हे ‘असले सगळे पाश्चात्त्य खूळ’ म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. अमेरिकेतली बाई, लिली व्हिन्सेन्झ, समोरून हसताना दिसली ती १९६६च्या जानेवारीत.

अंकात आतही वाद पेटवले. मंडळाची जुनी रीत अशी की मानसोपचारतज्ज्ञांना बोलवावे, आम्ही कशा आहोत ते त्यांच्या तोंडून ऐकावे. समलैंगिकांच्या हक्कांसाठी लढणारे फ्रँक कॅमेनी यांनी ‘द लॅडर’मध्येच लिहिले की आमच्यावर संशोधन होईपर्यंत आम्ही थांबायचे काय कारण, आम्ही आजारी नाही, हे आम्हीच सांगू. बाईंना ते पटले. १९६५पासून दर ४ जुलैला फिलाडेल्फियाच्या इंडिपेन्डन्स हॉलसमोर जी निदर्शने झाली त्यांत त्या फलक घेऊन फिरत. बायकांनी स्कर्ट घालायचा, पुरुषांनी कोट-टाय, असा कडक नियम होता. मंडळाच्या वरिष्ठांना निदर्शने रुचली नाहीत, त्यात अंक उशिरा निघायचे. १९६६ साली संपादकपद गेले. अंक उशिरा निघत होते हे खरेच होते, मी त्यांची बाजू घेणार नाही. मासिक पुढे १९७२पर्यंत चालले.

आता आपल्या कामाचा भाग.

१९७० साली अमेरिकन लायब्ररी असोसिएशनमध्ये काही समलैंगिक ग्रंथपालांनी एक गट स्थापन केला. कुठल्याही व्यावसायिक संघटनेतला असा तो पहिलाच. बाईंनी त्याची बातमी रेडिओवर ऐकली आणि त्या सरळ जाऊन सामील झाल्या. आपण ग्रंथपाल नाही, हे त्यांच्या मनात आले नाही. वाचक होतो, हे पुरेसे होते. पुढची पंधरा वर्षे, १९७१ ते १९८६, त्या गटाच्या समन्वयक राहिल्या. गटाने काय केले? यादी केली. समलैंगिकांविषयीची जी पुस्तके, लेख, पुस्तिका कुणाही ग्रंथालयाने न लाजता ठेवाव्यात त्यांची यादी. पहिल्या यादीत जेमतेम ३७ नोंदी. चांगले म्हणावे असे तेवढेच सापडले. दहा वर्षांत ती अनेक पट झाली. पुस्तके आधी नव्हती आणि यादीनंतर आकाशातून पडली असे नाही. ग्रंथालये घेतात असे दिसल्यावर प्रकाशक छापायला धजावले, आणि छापली जातात असे दिसल्यावर लोक लिहायला लागले. ग्रंथखरेदी समितीच्या हातात किती ताकद असते, ते समितीलाच ठाऊक नसते.

दुसरे काम वर्गीकरणाचे. अमेरिकेच्या संसदेच्या ग्रंथालयाच्या, म्हणजे लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या, वर्गीकरणात हा विषय ‘विकृत लैंगिक संबंधां’च्या रांगेत, लैंगिक गुन्ह्यांच्या शेजारी बसवलेला होता. सतरा वर्षांची बार्बरा याच रांगेत येऊन थडकली होती. गटातल्या ग्रंथपालांनी यावर निबंध वाचले, पत्रे लिहिली, आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ती जागा बदलली.

तिसरे, पुरस्कार. १९७१ साली पहिला पुरस्कार दिला तो आल्मा राउट्साँग यांच्या कादंबरीला. एकोणिसाव्या शतकातल्या दोन बायका, एक चित्रे काढणारी, एक शेतकऱ्याची मुलगी. दोघी मिळून शेत घेतात आणि तिथे राहतात. कुणी मरत नाही. कुणालाही वेड लागत नाही. प्रकाशक मिळेना म्हणून लेखिकेने १९६९ साली हजार प्रती स्वतः छापून हातोहात विकल्या होत्या.

१९७१ सालीच डॅलसच्या अधिवेशनात गटाला एक स्टॉल मिळाला. पुस्तके मांडून बसता आले असते. त्यांनी पाटी लावली की समलैंगिकांना मिठी मारा, मुका फुकट. एका बाजूला ‘फक्त स्त्रिया’, दुसऱ्या बाजूला ‘फक्त पुरुष’. गर्दी उसळली, पुढे कुणी येईना. मग टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर गिटिंग्जबाई आणि राउट्साँगबाईंनी एकमेकींना मिठी मारली, मुका घेतला. बातम्यांत दुसरे काही उरले नाही आणि पुष्कळ ग्रंथपाल रागावले. आपल्या अधिवेशनात असे काही करा, असे मी सुचवत नाही. घाबरू नका.

१९७२ साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या अधिवेशनातल्या ज्या चर्चासत्रात एक डॉक्टर मुखवटा घालून ‘मीही समलैंगिक आहे’ म्हणाले ते बाईंच्याच खटपटीतून झाले, आणि डिसेंबर १९७३मध्ये त्या संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. तो इतिहास इतरत्र वाचायला मिळतो. मला आपल्याशी बोलायचे आहे ते कपाटाविषयी.

आपल्याकडे खेड्यातल्या, तालुक्याच्या ग्रंथालयात वाचक पुस्तकांपर्यंत जात नाही. तो यादी पाहतो, चिठ्ठीवर नाव लिहितो, आतून पुस्तक येते. सभासदत्व बहुधा घराचे असते आणि कार्ड वडिलांच्या नावावर. नोंदवही उघडी असते. आधीच्या वाचकाने काय नेले ते मागच्याला दिसते. देवघेव करणाऱ्या ताईंना मुलीचे नाव, आडनाव, मामाचे गाव सगळे माहीत. ‘अगं, हे कशाला नेतेस?’ हे त्या प्रेमाने विचारतात. पण त्या प्रेमापायी ती मुलगी पुन्हा त्या बाजूला फिरकत नाही. एका ग्रंथालयात या विषयावरची दोन पुस्तके मला गुप्तरोगांच्या पुस्तकांशेजारी, कुलूपबंद कपाटात सापडली. किल्ली कुणाकडे, ते शोधण्यात दुपार गेली. माझे वय झाले आहे, मी किल्ली मागू शकते. मी का मागितली असेल, मी स्वतः कोण, असा प्रश्न हे वाचताना आपल्या मनात आला असेल तर सोळा वर्षांच्या मुलीला काउंटरवर काय वाटत असेल ते वेगळे सांगायला नको.

मराठीत वाचण्याजोगे काही नाही, हेही खरे नाही. तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगमंचावर आले, रोहिणी हट्टंगडी मित्रा या समलैंगिक नायिकेच्या भूमिकेत होत्या. ते नाटक आपल्या नाट्यविभागात आहे, पण ते कशाविषयी आहे हे यादीत कुठेच नाही. त्यात या नायिकेचा शेवट आत्मघातात होतो. नाटक म्हणून मला ते मोठे वाटते. पण एखादीच्या हाती तेवढे एकच पुस्तक लागावे, हे मला बघवत नाही. मुंबईत १९९५ साली ‘स्त्री संगम’ हा गट उभा राहिला, पुढे ‘लेबिया’ या नावाने ओळखला गेला. त्या बायकांनी ‘स्क्रिप्ट्स’ नावाचे नियतकालिक काढले, तेही आपल्या हिमतीवर. पुण्यात समपथिक ट्रस्टचे बिंदुमाधव खिरे यांनी या विषयांवर मराठीत सातत्याने लिहिले. यांतले काय काय आपल्या दाखल नोंदवहीत आहे, एकदा पाहावे.

कायद्याची भीती असेल तर समलैंगिक संबंध हा गुन्हा नाही असे सांगून ती ६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने संपवली. गावात कुणी आक्षेप घेईल ही भीती खरी आहे, मी ती हसण्यावारी नेत नाही. अनुदान, वर्गवारीची तपासणी, संचालकांतले राजकारण, हे सगळे आपल्याला सांभाळायचे असते. म्हणून फलक, समारंभ, भाषण यातले काहीच मागत नाही. पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याची ड्यूई पद्धत वापरत असाल तर ३०६.७६६३ हा क्रमांक समाजशास्त्रात येतो. पुस्तक तिथे, कुटुंब आणि विवाहाच्या पुस्तकांजवळ ठेवा. ड्यूई वापरत नसाल तर कादंबरी कादंबऱ्यांत आणि आत्मकथन आत्मकथनांत. कुलूप काढा. छापील यादीत प्रत्येक पुस्तकाखाली एक ओळ विषयाची द्या, म्हणजे विचारावे लागणार नाही. नोंदवहीत मागच्या वाचकाचे पान पुढच्याला दिसू नये अशी काही सोय करा. संगणक असेल तर ती झालेलीच आहे. आणि सोळा वर्षांवरच्या मुलामुलींना स्वतःच्या नावाचे कार्ड द्या. शेवटचे तर या विषयावाचूनही करावे असे आहे.

पुढच्या ग्रंथखरेदीच्या सभेत हा विषय घ्यावा. तीस-पस्तीस नावांची यादी करून द्यायला माझ्यासारखे वाचक आपल्या गावातही निघतील. चहावर बसतील, मानधन मागणार नाहीत. पुस्तके मांडणीवर आली की वर्षभर थांबून त्यांची देवघेव तपासा. घरी न नेता तिथेच उभ्याने वाचून ठेवलेली पुस्तके नोंदवहीत दिसत नाहीत, तेव्हा पानांचे कोपरेही बघा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक वाचक सभासद